थर्मल कॅमेऱ्याने जमिनीखालचं शोधायचंय? मग आधी एवढं करा

पहिली गोष्ट मनात पक्की करा: थर्मल कॅमेरा मातीच्या आरपार पाहत नाही. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. खाली दगड, पाइप किंवा पोकळी असेल तर वरची माती आजूबाजूपेक्षा थोडी वेगळ्या वेगाने तापते-निवते, आणि आपण शोधतो तो हाच फरक. दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट मातीत साधारण 10 ते 15 सेंटीमीटरवरच बरीच क्षीण होते, म्हणून खोल पुरलेल्या वस्तूची अपेक्षा सुरुवातीला ठेवू नका.

बहुतेक नवखे चुकतात ते वेळेत. सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा वस्तूवरची माती आणि आजूबाजूची माती यांचं तापमान सारखंच होतं. त्या सुमारास चित्र सपाट येतं आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. एकाच जागेचे दर तासाला फोटो घ्या, सूर्यास्तानंतरचे तर नक्कीच.

आणखी काही चुका:
- रंगांची पट्टी (कोणता रंग म्हणजे किती तापमान) ऑटोवर ठेवणं. पट्टीचं कमाल-किमान तापमान स्वतः ठरवा, नाहीतर दोन फोटोंची तुलनाच होत नाही.
- गवत, ओल, वारा, सावली यांच्याकडे दुर्लक्ष. सावली सरकली तरी तिचा थंड ठसा काही वेळ राहतो.
- चकाकता धातू थंड समजणं. त्यात बहुधा थंड आकाशाचं प्रतिबिंब दिसत असतं.

सरावासाठी दगड आणि रिकामा डबा 5 सेंटीमीटरवर पुरा. नुसता खणून बुजवलेला खड्डाही शेजारी ठेवा, कारण उकरलेली मातीसुद्धा वेगळी दिसते! ड्रोन, सॉफ्टवेअर नंतर पाहू.