तीट लावलेले पाहुणे

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. शाळेत 'प्राणी हिवाळ्यात काय करतात' हा विषय झाला. पुस्तकात नुसता बर्फ आणि झोपलेली अस्वलं. आता रोज विचारतो, "आपल्या सोसायटीतली मनी कधी झोपणार?" मुंबईत थंडीच नाही, तर त्याला समजावू कसं?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, मनीबद्दल विचारतोय म्हणजे पोरगा विचार करतोय. 31 वर्षं मी परळला बालवाडी घेतली. हिवाळा शिकवायचा तर मुलांना, पालकांसकट, गेटवेला न्यायचे. लाँचच्या मागे पांढरे पक्षी घिरट्या घालतात ना, ते कुरव. त्यांतले काही लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून येतात. तिथली तळी गोठली की खायचं काय? म्हणून ते आपल्याकडे येतात. त्यांच्या डोळ्यामागचा काळा ठिपका मुलाला दाखवा. आमची मुलं त्याला तीट म्हणायची. मार्चच्या सुमारास परत जा, याच पक्ष्यांची डोकी गडद तपकिरी व्हायला लागलेली असतात. मग ते घरी निघतात. फक्त लोक टाकतात तशी शेव-गाठी त्यांना घालू देऊ नका. ते त्यांचं खाणं नव्हे.

उडून जाता येत नाही त्यांचं काय? लडाखमधले मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी, उन्हाळाभर खाऊन लठ्ठ होतात आणि सहा महिन्यांहून जास्त काळ बिळात एकमेकांना बिलगून झोपतात. अंग गार पडतं, श्वास मंदावतो, साठवलेल्या चरबीवर दिवस निघतात. हिमबिबट्या मात्र झोपत नाही. तो आपली लांब, झुपकेदार शेपटी अंगाभोवती गुंडाळून बसतो. हे सांगताना मुलाच्या गळ्याभोवती आजीची शाल गुंडाळा.

चरबीचं मात्र तोंडी सांगून कळत नाही. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरा, आत दुसरी पिशवी घाला. त्यात मुलाचा एक हात, दुसरा हात नुसत्या पिशवीत. दोन्ही बर्फाच्या पाण्यात बुडवा. नुसता हात लगेच बाहेर येतो, तुपातला आरामात राहतो. थंड समुद्रात राहणाऱ्या सील या प्राण्याच्या कातडीखाली असाच जाड थर असतो. मार्मोटच्या त्या लांब झोपेला हायबरनेशन म्हणतात, पण हा शब्द आत्ता पाठ करून घेऊ नका, त्याची घाई नाही.

आणि मनी? ती झोपून हिवाळा काढत नाही, असं त्याला सरळ सांगा. जानेवारीतल्या एखाद्या गार पहाटे दोघं खाली उतरा आणि ती कुठे बसलीये ते त्यालाच शोधू द्या. नुकत्याच आलेल्या गाडीचं बॉनेट आधी बघायला सांगा.