जुन्या मोटारसायकलच्या टाकीचा आणि पॅनलचा रंग काढायला हीट गन वापरू का?

टाकी, मडगार्ड आणि साइड पॅनल यांचा जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचाय, हीट गन (गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) घेऊ की रिमूव्हर (रंग मऊ करून सोडवणारं रसायन), असं तुम्ही विचारलंय. त्याआधी एक चुंबक घ्या.

थट्टा करत नाहीये. माझ्या पहिल्या गाडीचं साइड पॅनल पत्र्याचं समजून मी त्याला रिमूव्हर फासला होता. दहा मिनिटांत रंगाबरोबर पॅनलही मऊ पडलं, बोट लावलं तर ठसा उमटला. प्लॅस्टिक निघालं ते! चुंबक चिकटत नसेल तर आधी वस्तू कशाची आहे ते बघा. प्लॅस्टिक आणि फायबरला ३२० नंबरचा वॉटर पेपर, पाणी आणि चिकाटी एवढंच. तिथला रंग घट्ट धरून असेल तर पूर्ण काढूही नका. ६०० नंबरने घासून चमक घालवा आणि त्यावरच प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) घ्या. अ‍ॅल्युमिनियम असेल तर रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो धातूच खातो.

चुंबक टाकीवरूनही फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे रंगाखाली पोचा भरायची पुट्टी आहे. हँडल वळून आदळतं त्या जागी ती बऱ्याचदा सापडते. रिमूव्हरने ती फुगते, मग सगळी खरवडून नव्याने भरावी लागते.

आता हीट गन. टाकीवर अजिबात नको. पेट्रोल ओतून टाकलं तरी आत वाफ उरते, आणि वाफ अधिक हवा म्हणजे रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ तीनशे अंशांच्या आतबाहेर ठिणगीशिवाय पेटते. हीट गन पाचशेच्या वर सहज जाते. ग्राइंडरही नको, ठिणग्या उडतात आणि पातळ पत्रा तापून वाकतो.

म्हणून टाकीला रिमूव्हरच. झाकण आणि पेट्रोलच्या कॉकचं भोक घट्ट बंद करा. ८० नंबरच्या पेपरने रंगावर ओरखडे काढा, रिमूव्हरचा जाड थर द्या (ब्रश पुन्हा पुन्हा फिरवू नका) आणि वर प्लॅस्टिकचा कागद पांघरा, म्हणजे तो वाळत नाही. रंगाला फोड आले की प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढा. दोन-तीन फेऱ्या धरून चाला. काम उघड्यावर करा. हातमोजे, चष्मा हवेच. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवू नका.

शेवटी टाकीच्या खालच्या शिवणीत अडकलेला रिमूव्हर नीट धुवा. तिथे थेंबभर राहिला तरी महिन्याभराने नवा रंग तिथूनच उचलतो. धुतल्यावर लगेच कोरडं करा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर मारा. दमट हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस गंज चढतो.

आणि हो, टाकीचा सीटखाली झाकला जाणारा कोपरा शेड जुळेपर्यंत तसाच ठेवा. ऊन न लागलेला मूळ रंग बहुतेक तिथेच मिळतो.