अठरा-पंचावन्नच्या पुढे कोणती लेन्स?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी ३५०० कॅमेरा आणि त्यासोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्स आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री काढलेली माझी बहुतेक छायाचित्रे हललेली आली. दुकानदार ७०-३०० घ्यायला सांगतात, तर मित्र ५० एफ/१.८ चा आग्रह धरतो. दोन्ही घेण्याची ऐपत नाही. काय करावे? सोबत एक छायाचित्र पाठवत आहे.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या छायाचित्रातच निम्मे उत्तर आहे. ट्रॉलीवरचा पडदा आणि मागच्या दुकानाची पाटी स्पष्ट वाचता येते, पण तलवार उगारलेला मावळा तेवढा पुसट झाला आहे. म्हणजे आपला हात हललेला नाही, मावळा हलला आहे. लेन्समधील कंपनरोधक सोय आपल्या हाताची थरथर सावरते; समोरच्या माणसाची हालचाल तिला थांबवता येत नाही. ते काम शटर स्पीडचे, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते त्याचे. या छायाचित्राची नोंद सांगते की लेन्स ५५ वर होती (हे आकडे मिलिमीटरमधील फोकल लेंथचे; आकडा मोठा तितका विषय जवळ दिसतो), अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० आणि शटर सेकंदाचा विसावा भाग. एवढ्या वेळात लेझीम खेळणाऱ्याचा हात सहज वीतभर सरकतो.

एफ पुढचा आकडा म्हणजे फोकल लेंथला अ‍ॅपर्चरच्या व्यासाने भागून येणारी संख्या. त्यामुळे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे, आणि प्रकाश त्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे आयएसओ तोच ठेवून आपल्याला विसाव्याऐवजी दोनशेव्या भागाचे शटर मिळाले असते आणि तो मावळा तलवारीसकट स्वच्छ आला असता. आपल्या कॅमेऱ्यासाठी निघालेली ७०-३०० लेन्स मात्र ३०० वर एफ/६.३ पर्यंत जाते, म्हणजे आजच्यापेक्षाही कमी प्रकाश. दुकानदारांनी आपल्याला फसवले असे मी म्हणणार नाही. ती लेन्स दूरच्या विषयासाठी चांगली आहे, पण आपली अडचण अंतराची नसून अंधाराची आहे.

मित्राचे म्हणणे मात्र मला अर्धेच पटते. डी ३५०० चा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) दीडपटीने लहान असल्याने ५० ची लेन्स त्यावर ७५ सारखी दिसते. गणपत गल्लीत मिरवणुकीच्या गर्दीत पाठ दुकानाच्या फळीला टेकलेली असताना आणखी मागे सरकणार कुठे? तिथे ५० मध्ये चेहरा मावेल, चित्ररथ मावणार नाही. ३५ एफ/१.८ अशा गल्लीत अधिक उपयोगी पडेल असे माझे मत आहे. परंतु माझ्या मतावर पैसे घालवू नका. आपल्याच १८-५५ चे झूमचे कडे ३५ वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा, एक संध्याकाळ खडेबाजारात फिरा, दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग ५० वर करा. ज्या दिवशी कमी चिडचिड झाली, ती लेन्स आपली.

खरेदी करताना एक गोष्ट तपासा. डी ३५०० च्या आत फोकसची मोटर नाही, म्हणून ती लेन्समध्येच असावी लागते; लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेले हवे. जुनी ५० एफ/१.८ डी स्वस्तात मिळते, परंतु आपल्या कॅमेऱ्यावर तिचा फोकस हातानेच जुळवावा लागेल, आणि चालत्या मिरवणुकीत ते जमणे अवघड आहे. शिवाय एफ/१.८ वर स्पष्टतेची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारे पुढचे-मागचे अंतर, फार थोडी असते. दोन माणसे मागे-पुढे उभी असतील तर एफ/२.८ पर्यंत यावे.

प्रश्न : कॅनन एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५५-२५० लेन्स वापरतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात धनेश टिपण्यासाठी १५०-६०० घेण्याचा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : इतक्यात घेऊ नये, असे मला वाटते. कॅननच्या या सेन्सरवर २५० हीच फुल फ्रेमवरील ४०० इतकी जवळ आणते. ६०० घेतल्यास ती ९६० होईल. ऐकायला हे मोहक आहे, पण टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६०० सुमारे दोन किलोंची असते, ६०० वर एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही, आणि हातात धरून वापरताना निदान हजाराव्या भागाचे शटर मागते. भीमगड अभयारण्याच्या दाट सावलीत सकाळी आठलाही तेवढा प्रकाश मिळणे कठीण. उन्हाळ्यात भर दुपारी माळावरून दूरचा पक्षी टिपाल तर तापलेल्या हवेच्या लहरींमुळे पिसे विरघळल्यासारखी दिसतात, आणि त्यावर कितीही महागडी लेन्स उपाय ठरत नाही.

त्यापेक्षा फळांनी लगडलेला वड किंवा उंबर हेरून, वनखात्याची परवानगी लागत असेल तेथे ती घेऊन, उजाडण्यापूर्वी एका जागी बसावे. धनेश फळांवर पुन्हा पुन्हा येतो. तो जवळ आला की २५० पुरते. ढोलीच्या जवळ मात्र जाऊ नये. मादी आत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि तिचे पोट नराने आणलेल्या फळांवर चालते. माणसाच्या वावराने नर बिचकला तर आतली मादी आणि पिल्ले उपाशी राहतात. वर्षभर असे बसूनही आपल्या चांगल्या छायाचित्रांत पक्षी लहानच येत असेल, तर १५०-६०० चा विचार जरूर करा, आणि तिच्यासोबत भक्कम तिपाईचेही पैसे धरा.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना काय पाहावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. धुळीचे चार कण दिसले तर बिघडत नाही, परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती लेन्स किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नका. नंतर भिंतीवर वर्तमानपत्र सरळ चिकटवून समोरून छायाचित्र काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालते. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी.

पावसाळ्यात लेन्स चामडी पिशवीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा, आणि पूर्ण थंड झाल्यावरच परत डब्यात घाला.