'तालमीत सगळेच सुई घेतात'

सोलापूरच्या १९ वर्षांच्या पैलवानाचं पत्र आहे. जिममधल्या एकाच्या सांगण्यावरून त्याने ६ आठवडे, आठवड्याला एक अशी नँड्रोलोनची, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइड हार्मोनची, सुई घेतली. ताकद वाढली, पण आता धडधडतं, चिडचिड होते, स्तनाग्राखाली दुखरी गाठ आलीय. तो विचारतो, 'सगळेच घेतात. मी न घेता हरलो तर अन्याय माझ्यावरच ना?'

बाळा, पुढची सुई घेऊ नकोस. हार्मोन बाहेरून आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. ती आकसतात, शुक्रजंतू घटतात. ती गाठही हार्मोन बिघडल्याचीच खूण दिसते. नँड्रोलोन तेलात असतं, स्नायूतून सावकाश सुटतं. ते उतरल्यावर काही महिने अंगातली रग जाते, मन खचतं, आणि नेमकी तेव्हाच पोरं परत सुईकडे वळतात. तेव्हा घाबरू नकोस. जीव नकोसा वाटला तर लगेच १४४१६ ला, टेली-मानसला फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उद्याच सिव्हिलच्या मेडिसीन ओपीडीत जा. रिकामी बाटली सोबत ने, काही लपवू नकोस. बीपी, ईसीजी, लिव्हर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन आणि वृषणांना काम करायला सांगणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स तपासायची का, विचार. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ ब, क सुद्धा. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात. 'साइड इफेक्ट काढणाऱ्या' गोळ्या त्या जिमवाल्याकडून अजिबात घेऊ नकोस.

अन्यायाचं म्हणशील, तर 'सगळेच घेतात' हे तुला सांगितलं कुणी? सुई विकणाऱ्यानेच ना? तुझ्याच तालमीत भाकरी-दुधावर जोर-बैठका मारणारं पोर आहे. सुईच्या जोरावर तू पाडशील ते त्यालाच. आणि नँड्रोलोन लघवीत महिनोन्‌महिने सापडतं. पहिल्याच वेळी ४ वर्षांपर्यंत बंदी येते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१६ साली उत्तेजक चाचणीत सापडल्यावर 'जेवणात कुणीतरी मिसळलं' असं सांगितलं, तरी क्रीडा लवादाने ४ वर्षं बाहेर ठेवलं. शरीरात जे सापडतं, त्याची जबाबदारी खेळाडूची.

वस्तादांना तूच सांग. रागावतील, पण १५-१६ वर्षांच्या पोरांपर्यंत ही सुई पोचली तर त्यांची उंची खुंटेल, हे त्यांना कळायलाच हवं.

खुराकाचा हिशोब असा : ७० किलोच्या पैलवानाला दिवसाला ११० ते १४० ग्रॅम प्रथिनं पुरतात. १ लिटर दूध, ४ अंडी आणि दोन मुठी फुटाण्यांत ७० च्या आसपास होतात. बाकीची डाळ, भाकरी, शेंगदाणे, मटणातून येतील. ईसीजी बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मात्र मॅटवर उतरू नकोस.