हप्त्याचा फोन

पत्र: ताई, मी सोलापूरचा, 14 वर्षं आयुर्विम्याची एजन्सी करतो. माझा चुलतभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. त्याला 25 लाखांची टर्म पॉलिसी मीच काढून दिली होती. जूनमध्ये वर्षाचा हप्ता होता आणि पोरांच्या फीचा खर्चही तेव्हाच आला. सवलतीचे 30 दिवस उलटले. हप्ता राहिल्याचं मला यादीत दिसत होतं, तरी फोन केला नाही. आदल्या वर्षी एका लग्नात दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘आला बघा वसुलीवाला.’ सप्टेंबरमध्ये तो हार्ट अटॅकने गेला, 47 व्या वर्षी. पॉलिसी बंद, त्यामुळे हाती काही नाही. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. संक्रांत झाली, गड्डा यात्रा झाली, मी त्यांच्या दारात गेलेलो नाही. माझे साठवलेले दोन लाख त्यांना द्यावेत आणि हा धंदा सोडावा, असं वाटतं.

भाऊ,

दोन लाखांचं मग बोलू. दादांचं बँकेचं पासबुक कुणी उघडून पाहिलं का? मे-जूनच्या पानावर 436 रुपये वजा झालेले दिसतायत का, ते बघा. ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेची वर्गणी. खातं उघडताना लोक सही करतात आणि विसरून जातात. तशी नोंद असेल तर वारसाला 2 लाख मिळतात. दुसरं, कारखान्यात त्यांचा पीएफ भरला जात होता का? भरत असतील तर त्याच्याबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर त्यातून जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्याची वर्गणी मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. शिवाय पीएफच्या पेन्शन योजनेतून विधवेला आणि मुलांना पेन्शन असते, ती वेगळी.

तुम्ही 14 वर्षं या धंद्यात आहात, हे तुम्हाला माहीत असणारच. पण स्वतः विकलेली पॉलिसी बंद पडली आणि तुमचं बघणंच थांबलं. मी रागावून लिहीत नाही. मीही एका विमा कार्यालयात दाव्यांच्या टेबलावर नोकरी काढली आहे. एकदा विडी वळणारी एक बाई आली होती. नवऱ्याचे कागद शेंगा चटणीच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेले, कागदांना लसणाचा वास. मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. मी नियमाप्रमाणे नकाराचं पत्र टाइप केलं, त्यात एकही चूक नव्हती. नवरा कुठे कामाला होता, हे मात्र विचारलं नाही. तो प्रश्न माझ्या टेबलाचा नव्हता ना! त्या रात्री भाकरी गिळवेना. ती बाई नंतर कधी दिसली नाही, आणि तो प्रश्न आजही माझ्याकडेच आहे.

आता तुमच्या चुकीबद्दल. ती आहे. नाही म्हणून मी तुम्हाला बरं वाटू देणार नाही. पण केवढी आहे? हप्त्याचा मेसेज दादांच्या मोबाइलवरही आला असणार. घरात पैसे नव्हते आणि त्यांनी फीला आधी हात घातला. कुठलाही बाप तेच करेल. तुमच्या वाट्याला येतो तो एक फोन, लग्नातल्या एका टोमण्यापायी अडलेला. तेवढाच वहिनींसमोर कबूल करा. ‘वहिनी, हप्ता राहिलाय हे मला दिसत होतं. दादाचं बोलणं मनाला लागलं होतं, म्हणून फोन केला नाही.’ एवढं सांगून गप्प बसा. माफ करा म्हणून त्यांच्या मागे लागू नका, त्यांना आधीच काय कमी ओझं आहे? त्या रडतील, चिडतील किंवा नुसत्या चहा ठेवायला उठतील. काहीही झालं तरी बसून राहा.

दोन लाखांचं पाकीट मात्र नेऊ नका. त्यांना नाही म्हणता येणार नाही आणि घेताही येणार नाही. भावकी तर लगेच म्हणेल, यानेच काहीतरी घोळ घातला असणार, नाहीतर पैसे कशाला देतोय? पैसे बँकेत राहू द्या. जूनमध्ये फी भरायची वेळ येईल तेव्हा काका म्हणून शाळेच्या खिडकीशी उभे राहा.

धंदा सोडायचा की नाही, हे मी ठरवणार नाही. विणकरांच्या वस्तीत विमावाला गल्लीत वळला की, ‘सांग गं, मी घरात नाही,’ असा आवाज आतून येतो, हे मलाही माहीत आहे. (आमच्याच घरात यायचा, आणि मी त्याच खात्यात नोकरीला!) पण निर्णयाआधी एक करा. आज तुमच्या यादीत सवलतीच्या मुदतीत किती जण आहेत? त्या सगळ्यांना संध्याकाळच्या आत फोन करा. ज्यांची मुदत उलटली, त्यांनाही. बंद पॉलिसी साधारण पाच वर्षांच्या आत थकलेले हप्ते आणि तब्येतीचे कागद देऊन पुन्हा सुरू करता येते. तोंड उघडायला निमित्त हवं असेल तर आहे: वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. टर्मवर तो 18 टक्के होता. हप्ता कमी झाला म्हणून सांगायला कुणालाच लाज वाटायला नको.

वहिनींकडे रथसप्तमीच्या आत जा. वर्ष झालेलं नाही, घरात सण नाही, हे कळतं मला. तिळगूळ पोरांच्या हातावर ठेवा. दादांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागून घ्या, त्यांच्या मोबाइलमधल्या पीएफच्या मेसेजमध्ये सापडेल. नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात मिळेल. मृत्यूचा दाखला, वहिनींचं पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले एका फाइलला लावा. पीएफच्या ऑफिसात त्यांना एकटीला पाठवू नका.