अडीच किलोंतलं पाणी

प्रिय मित्रा,

भात, ब्रेड, साखर बंद केल्यावर आठ दिवसांत अडीच किलो उतरले, हे वाचून बरं वाटलं. पण पुढे ‘या हिशेबाने चार महिन्यांत चाळीस’ असं लिहिलं आहेस, ते आधी खोडून टाक.

शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 च्या आसपास. त्यातल्या दर ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. कर्बोदकं, म्हणजे भात, ब्रेड, साखर यांतले पिष्ट-गोड घटक, तोडली की हा साठा रिता होतो आणि पाणीही निघून जातं. तुझ्या अडीच किलोंत चरबी फार तर अर्धा किलो असेल. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कमी खाल्ल्या तरी किलोला पंधरा दिवस लागतात.

हे आत्ताच सांगतोय, कारण परतीचा प्रवास याहून वाईट असतो. मी तीन आठवडे नेमाने पाळलं, मग एका वाढदिवसाला केकचे दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर! ते पाणीच होतं, पण मला कुठे माहीत? वैतागून सगळं सोडलं आणि दोन महिन्यांत होतो तिथे परत. केकने नव्हे, त्या वैतागाने घात केला.

पाण्याबरोबर मीठही जातं. कर्बोदकं कमी झाल्याने इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, बाहेर टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरलं, उठताना अंधारी आली म्हणतोस ना, ते यामुळेच असावं. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ असं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. रक्तदाबाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं पातळ सूप घे. भाज्या आणि पाणी वाढव, नाहीतर पोट साफ होणार नाही.

आता ‘कर्बोदकं नाहीत म्हणजे कितीही चालेल’ या समजाबद्दल. एकदा वाचत बसलो होतो, शेजारी बदामांचा डबा. तासाभराने बोटं तळाला लागली. नंतर तेवढेच बदाम वजन करून पाहिले: 100 ग्रॅम, म्हणजे 580 कॅलरी. तीन वाट्या भाताइतक्या! तेव्हापासून मी बदाम वाटीत काढून घेतो आणि डबा परत कपाटात ठेवतो. या आहारात जादू कसली? प्रथिनं जास्त असली की पोट लवकर भरतं, गोडधोड आणि तळकट बंद होतं, आणि नकळत कमी खाल्लं जातं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 जणांवर वर्षभर केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. कमी चरबी खाणाऱ्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं 6. हा फरक कुठलाही निष्कर्ष काढण्याइतका नव्हता. म्हणून दिवसाला कर्बोदकं 50 ग्रॅमच्या आत ठेवण्याचा हट्ट मला पटत नाही. 100 ते 130 ग्रॅम ठेव. त्यात डाळी-कडधान्यं, फळं बसतात, आणि चारचौघांत जेवायला बसता येतं.

घाई वाटली की विल्यम बँटिंगला आठव. हा लंडनचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा माणूस. इतका जाड की जिना पाठमोरा उतरावा लागायचा. कान तपासायला गेला तर डॉक्टरांनी ब्रेड, साखर, बटाटे बंद केले. वर्षभरात सुमारे 21 किलो उतरले, आणि 1863 साली गड्याने त्याबद्दल जाहीर पत्रच छापलं. तुझे चाळीस चार महिन्यांत, त्याचे एकवीस वर्षभरात!

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. घरातली आणखी कुणी तुझं बघून सुरू करणार असतील आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टर. आहार बदलला आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. तूही आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी परत कोलेस्टेरॉल तपासून घे; काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, या आहारात चांगलंच वाढतं.

काट्यावर रोज उभं राहायचंच असेल तर राहा, पण मला सात दिवसांची सरासरी कळव. शिवाय कमरेचं माप, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पहिलं माप आजच घेऊन ठेव.

तुझा,
काका