‘जीवाणुभक्षक’ : खाणारा की वाटणारा?

नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, समुद्रातील जीवाणूंवर जगणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, जीवाणूंना खात नाहीत, फोडतात. मग त्यांना ‘जीवाणुभक्षक’ का म्हणावे?

विषाणू व जीवाणू यांतला भेद शाळेत शिकवतात, म्हणून तो सोडतो. तरीही ‘डेंग्यूचे जीवाणू’ असे गंगापूर रस्त्यावरच्या एका फलकावर ठळक अक्षरांत वाचावे लागले, याची चीड येते.

‘फाज’ हे पद सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये ग्रीक ‘फागेइन’ म्हणजे ‘खाणे’ यावरून घेतले. एवढे सांगून जे अभ्यासक थांबतात, त्यांनी शब्दाचा गाभाच सोडून दिला आहे. ‘फागेइन’चा मूळ अर्थ आपला वाटा मिळणे असा असून संस्कृत ‘भज्’, म्हणजे वाटणे, हा त्याचा सख्खा भाऊ आहे. ‘भाग’, ‘विभाग’ त्यातूनच आले आणि ‘भक्ष्’ही त्याच कुळातला. त्याच धातूचे ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेले, पुढे शिजवलेले अन्न. प्राकृतात ते ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’. इगतपुरीकडच्या इंद्रायणीची वाफाळती मूद पंगतीत पानावर पडते, तेव्हा वाटणे आणि खाणे हे दोन्ही अर्थ एकाच पानात असतात.

समुद्रात नेमके हेच चालते. तिथल्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू असतात. फाज जीवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याच्या प्रती तयार होतात आणि अखेर जीवाणू फुटून त्यातला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस व लोह पाण्यात मिसळते. ते शेजारचे जीवाणू उचलतात. हाच जीवाणू एखाद्या आदिजीवाने गिळला असता, तर तो ऐवज पायरीपायरीने माशांपर्यंत गेला असता. ही वाट मध्येच वळते, म्हणून विल्हेल्म आणि सटल या संशोधकांनी १९९९ मध्ये तिला ‘व्हायरल शंट’, म्हणजे विषाणूंनी पाडलेली आडवाट, हे नाव दिले. वाटप समसमान मात्र नसते: फाजच्या कवचात मुख्यतः डीएनए कोंबलेला असल्याने फॉस्फरसचा मोठा हिस्सा नवे फाजच घेऊन जातात.

‘जीवाणुनाशक’ हा पर्याय सुचवणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. तो शब्द फरशी पुसायच्या औषधाच्या बाटलीवर असतो, आणि नाश म्हटले की पुढचे सगळे वाटप नजरेआड होते. ‘भक्षक’च्या पोटात ‘भज्’ आहे, तेव्हा बाईंनी ‘जीवाणुभक्षक’ निःशंक लिहावे. क्रियापद तेवढे ‘खातो’ न वापरता, त्या स्वतः म्हणतात तसे ‘फोडतो’ असे ठेवावे.